दम धरू नका, सोडा

सौदामिनीला लातूरला येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात तिनं गावातल्या बऱ्याच डॉक्टरांना आपलं हृदय दाखवून घेतलं होतं. सगळ्यांनी ते ठणठणीत असल्याचं सांगितलं. शेवटच्या डॉक्टरांनी तर कार्डिओग्रामची पट्टी तिच्यापुढे उलगडली आणि विचारलं, "मुलगी बारावीला आहे का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याकडे छातीत धडधडतंय म्हणून येणाऱ्या निम्म्या बायकांची लेकरं बारावीलाच असतात. दम धरा. परीक्षा झाली की आपोआप बरं वाटेल."

परीक्षा होती मार्चमध्ये. आणि हा होता ऑगस्ट.

खरं तर सौदामिनी घाबरट बाई नव्हती. नांदेडच्या एका शाळेत ती मराठी शिकवायची. नववीचा सगळ्यात दंगेखोर वर्ग तिच्या एका 'बसा'वर गप्प व्हायचा. नवरा अनंतराव पाटबंधारे खात्यात होता आणि संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर फिरून आल्याशिवाय जेवत नसे. सगळं सुरळीत चाललेलं असताना भार्गवीला दहावीत बरे मार्क पडले, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस म्हणू लागला, "लातूरला टाका."

त्या काळात सगळा मराठवाडाच पोरं लातूरला टाकत होता. दहा वर्षांपूर्वी, भूकंपानंतर, लातूरचं नाव काढलं की लोक चुकचुकायचे. आता लातूर म्हटलं की विचारायचे, "कुठला क्लास?" पहिलं वर्ष भार्गवीनं होस्टेलवर काढलं. तिथलं जेवण मानवलं नाही, कावीळ झाली, आणि बारावीच्या वर्षी सौदामिनीनं बिनपगारी रजा टाकून लातुरात खोली घेतली.

त्या गल्लीत अशाच बायका राहत होत्या. घरमालक खाली आणि वरच्या खोलीत एक आई, एक मूल, एक कुकर. गल्लीत सगळे कुकर एकाच वेळी शिट्ट्या मारायचे, कारण सगळ्यांचे क्लास एकाच वेळी सुटायचे. बायका नळावर भेटल्या की पाण्याच्या आधी मार्क काढायच्या.

"आमच्या गंधारला फिजिक्सला जरा कमीच पडले या वेळी."

"किती?"

मग तो आकडा यायचा. तो भार्गवीच्या आकड्यापेक्षा बराच जास्त असायचा, आणि सौदामिनीचं हृदय छातीतली जागा सोडून गळ्यात येऊन बसायचं. तळहात गार. श्वास घेतला तरी तो गळपट्टीच्या हाडापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरायचा.

भार्गवीला यातलं काहीच नव्हतं. ती सायकलवर क्लासला जायची, यायची, खायची, अभ्यासाला बसायची. मार्क कमी आले की म्हणायची, "येतील गं." गल्लीच्या टोकाशी बांधलेल्या म्हशीशी ती रोज थांबून दोन शब्द बोलायची. सौदामिनी वरून बघायची. या पोरीला कशाची फिकीर कशी नाही, याचीही तिला फिकीर लागून राहायची.

सौदामिनी राहत होती त्या घराची मालकीण होती कमलम्मा. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेली, मूळची उदगीरकडची. गल्ली तिला सिस्टर म्हणायची. बोलणं मराठी, पण मधेच एखादा कानडी शब्द असा टाकायची की समोरच्याला तो कळलाच पाहिजे. माणसांशी तिचं वागणं वॉर्डातल्यासारखंच होतं. कुणी कितीही शिकलेला असो, ती त्याला आधी बसवायची आणि मग बोलायची.

एका सकाळी बऱ्याच दिवसांनी नळ आला. सौदामिनी भरलेली बादली घेऊन जिना चढत होती. त्याच वेळी भार्गवीच्या क्लासचा निकाल लागणार होता, गॅस संपलेला होता, वीज गेलेली होती. अर्ध्या जिन्यात तिचं हृदय पुन्हा गळ्यात आलं. डोळ्यांपुढे काजवे. बादली निसटली आणि पायऱ्यांवरून वाजत वाजत थेट कमलम्माच्या दारात जाऊन पडली. एवढ्या दिवसांनी आलेलं पाणी मोरीच्या वाटेला लागलं.

कमलम्मा बाहेर आली. बादलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सौदामिनीला हाताला धरून खाली आणलं, स्वतःच्या बाजेवर बसवलं.

"काय व्हायलंय?"

"सिस्टर, मला... अटॅक येतोय बहुतेक."

कमलम्मानं मनगट धरलं, चेहरा पाहिला, नखं पाहिली. ओठांचा रंग पाहिला.

"डॉक्टरला दाखवलीस?"

"सगळ्यांना. सगळे म्हणतात काही नाही, दम धरा."

"आन तू धरलीस!" कमलम्मा म्हणाली. "धरूनच तर बसलीस तवापासनं. बघ तुझी छाती कशी हाय, फुगवलेल्या पिशवीवानी. आत जागाच न्हाई तर नवा दम जाईल कुठं? सोड आधी."

"सोडू?"

"बाहेर सोड. सगळा. फूंऽऽ करून. निधान."

निधान म्हणजे सावकाश, हे तिनं हातानंच दाखवलं. तळहात हवेतून खाली असा आणला, जसं झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा. सौदामिनीनं जोरात फुंकलं. लगेच भोवळ आली.

"आगं, चूल पेटवायची न्हाई! हळू." कमलम्मा आत गेली, स्टोव्हवरचा चहा बशीत ओतून घेऊन आली. बशी तिच्या दोन्ही हातांत दिली. "ह्यो कढत हाय. फुंकून गार कर. पर एक थेंब बाहेर सांडला तर फरशी तू पुसायची."

सौदामिनी फुंकू लागली. चहावर बारीक सुरकुत्या उठायच्या, काठाला जायच्या. जोरात फुंकलं की चहा उसळायचा, म्हणून आपोआप हळू, लांब. श्वास संपला की पोट आपसूक पुढं यायचं आणि हवा स्वतःच आत यायची. घ्यावी लागत नव्हती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की हृदय गळ्यातून उतरलंय. कधी उतरलं ते कळलं नाही.

"किती वेळा करायचं हे? मोजायचं का?"

"मोजायचं न्हाई. मोजायला लागलीस की पुन्हा मास्तरीण होशील, सोताचाच पेपर तपासत बसशील. बाहेर जाताना लांब, आत येताना येईल तसा. बस एवढंच."

"हे प्राणायाम आहे का, सिस्टर?"

"तुला पाहिजे ते नाव दे. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात पण होतं, बाळंतिणीच्या धड्यात. मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं." कमलम्मा बाजेच्या कडेवर बसली. पदरानं तोंड पुसलं. "भूकंपात माझी ड्युटी तंबूत लागली होती. किल्लारीच्या बाजूला. एक बाई आणली होती मलब्यातून काढून. तिला खरचटलेलं सुद्धा न्हाई. पर बोलंना, खाईना. चिमणीवानी नुसता वरच्यावर श्वास. डॉक्टर हात मोडलेल्यांत, पाय मोडलेल्यांत गुंतलेले. हिला काय करायचं, कुणालाच कळंना. चहा दिला तर कप हातात थरथरायचा, म्हणून मी बशीत ओतून दिला. ती फुंकू लागली. लहानपणापासनं बशीतला चहा फुंकूनच प्यायची सवय, ती हाताला आठवत होती. चहा पार गार झाला तरी फुंकतच राहिली. दुपारी मला म्हणाली, पाणी दे."

"मग?"

"मग काय. पाणी दिलं."

सौदामिनीनं बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला. कमलम्मानं तिच्या हातातली बशी घेतली आणि एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आन ती बादली चेपली असंल तर नवी घे, माझी मागू नको."

त्या दिवसापासून सौदामिनीनं हा उद्योग मनावर घेतला. बशी फक्त घरी चालायची. बाहेर ती नुसतीच ओठ किंचित पुढे करून लांब श्वास सोडायची. गॅसच्या रांगेत सोडला. रिक्षावाला नको त्या रस्त्यानं निघाला तेव्हा सोडला. नळावर गंधारचे मार्क ऐकताना सोडला, तेव्हा गंधारची आई म्हणाली, "दात दुखतोय का हो?" एकदा अनंतरावाचा फोन आला. फोन कमलम्माच्याच बैठकीत होता. तो विचारायला लागला, "पोरगी अभ्यास करते ना? रँक किती? पुढच्या वेळी किती येईल?" पूर्वी अशा फोननंतर ती दिवसभर बेजार व्हायची. आता तिनं फोनमध्येच लांब श्वास सोडला.

"हे काय? वादळ सुटलंय का तिकडे?"

"नाही. तुम्हीसुद्धा सोडा."

"काय सोडू?"

"आधी श्वास. मग जमलं तर रँक."

पलीकडून फूंऽऽ असा आवाज आला. अनंतरावानं खरंच सोडला होता. शेजारी बसून तांदूळ निवडणारी कमलम्मा हसत होती.

धडधड पूर्ण गेली असं नाही. निकालाच्या दिवशी यायचीच. पण आता ती आली की सौदामिनीला ओळखू यायची, आगाऊ पाहुण्यासारखी. बसू द्यायचं, चहा विचारायचा, जाईल आपल्या वेळेनं.

डिसेंबरातला रविवार होता. सकाळी क्लासमध्ये मोठी चाचणी, भार्गवी सायकलवरून गेली आणि तिचा चष्मा टेबलावरच राहिला. सौदामिनी तो घेऊन रिक्षानं निघाली. क्लास एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. खाली झेरॉक्सची दुकानं, वर एकच अरुंद जिना, त्याच्या तोंडाशी अर्धं उघडलेलं लोखंडी जाळीचं दार आणि त्याला टेकवलेल्या सायकलींचा ढीग. सौदामिनी वर पोचली. दारात फिजिक्सचे बालाजी सर उभे होते, चष्मा त्यांच्या हातात दिला. आत खाली माना घातलेली पोरं दिसत होती, एवढी की भार्गवी त्यांत सापडेना. ती परत फिरली आणि एक मजला उतरली.

तेव्हाच जमिनीखालून आवाज आला. भरलेली मालगाडी पायांखालून गेल्यासारखा. खिडक्यांची तावदानं खडखडली, जिन्याचा कठडा तिच्या हाताखाली थरथरला. लातूरला असे हादरे मधूनमधून बसायचे. पण तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या त्या पोरांतली बरीचशी औसा, निलंगा, उमरग्याकडची होती. भूकंपाच्या वेळी ती पाच-सहा-सात वर्षांची असतील. 'लहान हादरा' असली काही गोष्ट त्यांच्या लेखी नव्हतीच.

वरून एकच किंकाळी आली आणि सगळा हॉल जिन्यात आला.

सौदामिनी भिंतीला चिकटली. पहिली लाट तिच्या अंगावरून गेली. कुणाचं तरी कोपर, कुणाचं तरी पेपरचं पॅड. खाली जाळीच्या दाराशी पहिली पोरं सायकलींना अडखळून पडली, मागची त्यांच्यावर चढू लागली, आणि वरून दाब वाढतच होता. हादरा केव्हाच थांबला होता. ते कुणाला कळलंच नव्हतं. सौदामिनीचं हृदय गळ्यात होतं, श्वास आत अडकलेला. तिला वाटलं, आपण पडणार.

मग तिनं तो सोडला. लांब. शेवटपर्यंत.

आणि त्याच्या मागोमाग जो श्वास आत आला, त्यातून तिचा नांदेडचा आवाज निघाला. सहा महिने तो तिनं वापरलाच नव्हता.

"थांबाऽऽ! जो जिथं आहे तिथंच!"

जिना थांबला. शाळेत बारा वर्षं काढलेली लेकरं ती. तसल्या आवाजाला पाय आपोआप थांबतात.

"हादरा गेलेला आहे. जिना पक्का आहे. कुणीही खाली ढकलायचं नाही. आता सगळ्यांनी मिळून फुंकायचं."

"काय?" वरून कुणीतरी रडक्या आवाजात विचारलं.

"बशीतला चहा! कढत आहे! हळू फुंकायचा. फूंऽऽ!"

पहिल्यांदा चार-पाच जणांनीच फुंकलं. ती पुन्हा म्हणाली, "सांडायचा नाही!" तेव्हा एक मुलगी हुंदका देता देता हसली, आणि मग सगळा जिनाच फुंकू लागला. एवढ्या तोंडांचा तो एक लांब आवाज होता, फुटक्या टायरसारखा. पुन्हा. पुन्हा. खांदे खाली आले. कुणी कुणाच्या शर्टाला धरलं होतं ते सुटलं. बालाजी सर वरच्या वळणावर होते, स्वतःही फुंकत होते.

"सर, वरच्यांना हॉलमध्ये परत बसवा. खालच्यांनो, पडलेल्यांना आधी उठवा, सायकली बाजूला घ्या, दार पूर्ण उघडा. आता एकामागं एक. फुंकत फुंकत."

एका मुलाचा घोटा मुरगळला होता, एकीच्या हनुवटीला लागलं होतं. यापलीकडे कुणाला काही झालं नाही. जिन्यात मागे राहिला तो चपलांचा खच. त्यांच्या जोड्या लागायला पुढचा अख्खा आठवडा गेला, आणि काही जण दोन वेगळ्या चपला घालूनच फिरत राहिले.

भार्गवी शेवटच्या घोळक्यात उतरली. चष्मा नाकावर होता, ओठ पांढरे पडले होते. रस्त्यावर आल्यावर ती आईच्या खांद्यावर कोसळली आणि रडू लागली. सौदामिनीनं तिला असं रडताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दोघी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"मला वाटलं, तुला भीतीच वाटत नाही कशाची," सौदामिनी म्हणाली.

"वाटते की! रोज वाटते." भार्गवीनं नाक ओढलं. "प्रत्येक चाचणीच्या आधी तर फारच. पण तू आधीच एवढी घाबरलेली असायचीस. दोघींनी घाबरून कसं चाललं असतं?"

सौदामिनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आई, आणखी एक सांगू? रागावशील."

"सांग."

"मला माणसांची डॉक्टर नाही व्हायचं. मला गुरांची व्हायचंय. देवणीच्या बैलांवर एक लेख वाचला होता, तेव्हापासून डोक्यात आहे. उदगीरला कॉलेज आहे. नळावर काय सांगशील म्हणून बोलले नाही."

सौदामिनीच्या मनात आधी खरंच नळच आला. गंधारची आई, तिच्या भुवया. हृदय जरा वर सरकलं. तिनं एक लांब श्वास सोडला. शेजारी भार्गवीनंही सोडला. दोघींचा एकदमच सुटला म्हणून दोघी हसल्या.

"बाबांना मी सांगते," सौदामिनी म्हणाली. "आणि नळावर सिस्टर सांगतील. त्यांना कुणी उलटून बोलत नाही."

घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या पुढे गेली होती. कमलम्मा दारातच उभी. तिनं सौदामिनीला नेहमीप्रमाणे आधी बाजेवर बसवलं, मनगट हातात घेतलं, बराच वेळ सोडलं नाही.

"ठीक हाय," ती शेवटी म्हणाली. मग भार्गवीकडे वळली. "आन तू इकडं ये. तुझं कुणी बघितलंच न्हाई आजवर."

पुढच्या आठवड्यात बालाजी सर घरी आले. क्लासमध्ये दर शनिवारी मॅडमनी पोरांना हे शिकवावं, अशी त्यांची विनंती होती. पाटी रंगवून घ्यायची म्हणून नाव काय ठेवायचं तेही विचारत होते. सौदामिनीनं पाटीला नाही म्हटलं, शनिवारला हो म्हटलं. अट एकच: जिन्यातलं दार कायम पूर्ण उघडं, सायकली पलीकडच्या बोळात. सरांनी दोन्ही त्याच दिवशी करून टाकलं. शनिवारी ती कमलम्माला सोबत न्यायची. पोरं फुंकायची, खिदळायची, एकमेकांच्या तोंडावर फुंकायची. एखादा गंभीर मुलगा विचारायचा, "मॅडम, यानं मार्क वाढतात का?" कमलम्मा परस्पर सांगायची, "न्हाई. पर जेवण पचतं."

परीक्षा झाली, सौदामिनी नांदेडला परतली, मग निकाल लागला. भार्गवीला नळावर सांगण्यासारखे मार्क पडले नाहीत, पण उदगीरपुरते पडले. अनंतरावानं आठवडाभर घाटावर जास्तच फेऱ्या मारल्या, मग एके दिवशी देवणी जातीची माहिती असलेलं पुस्तक घेऊन घरी आला आणि जेवताना बायकोला बैलांच्या शिंगांबद्दल समजावू लागला.

सौदामिनीची शाळा सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत कमलम्मा तिच्याकडे राहायला आली, आयुष्यात पहिल्यांदा नांदेडला. दोघी गुरुद्वाऱ्यात गेल्या, डोकं झाकून दर्शन घेतलं आणि लंगरला पंगतीत बसल्या. उजवीकडे अमृतसरचं एक कुटुंब, डावीकडे कंधारचे शेतकरी. वाढणारा सरदारजी डाळ घेऊन आला, म्हणाला, "माताजी, और?"

कमलम्मानं ताट पुढे केलं. एक घास घेतला, मान डोलावली.

"डाळ चांगली हाय," ती सौदामिनीला म्हणाली. "आमच्या लातूरचीच असणार."